नदी कोणाची हे ठरेपर्यंत पाणी घरात आलं

नागनदीकाठच्या शेजाऱ्यांनो, आज जे घडलं ते लिहितेच.

दुपारच्या पावसात पुलाच्या कामाची माती पात्रात अडली आणि पाणी शोभाकाकूंच्या घरात शिरलं. काका अंथरुणाला खिळलेले. आम्ही त्यांची खाट टेबलांवर चढवली.

पुलाच्या कामाचा जेसीबी काठावरच उभा होता. पण नदीसफाईचे साहेब फोनवर म्हणाले, "माती पूलवाल्यांची आहे." पूलवाले म्हणाले, "नदी आमच्याकडे नाही."

शेवटी मी दोघांनाही एकाच कॉलवर घेतलं आणि फोन काकूंकडे दिला.

"साहेब, काहून भांडून राहिले जी? माहा माणूस पाण्यात हाय!"

मग पूलवाल्या साहेबांनीच जेसीबीवाल्याला माती काढायला सांगितलं. पाणी उतरलं, काका सुखरूप आहेत.

पुढच्या पावसाआधी दोन्ही खात्यांना नदीवर एकत्र बोलावायचंय. माझ्यासोबत कोण येतंय?