गाऱ्हाण्यातली चूक

देवाशी मी सहा महिने अबोला धरला होता. दिवा लावायचे, पण हात जोडायचे नाही. सासऱ्यांना, आमच्या बाबांना, अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हातही सावरला, वाचा मात्र गेली ती गेलीच. जो माणूस आमच्या बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याशी मालवणीत भांडायचा, तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला लागला. मग राग येणार नाही तर काय!

बोलायला शिकवणारी एक ताई आठवड्यातून दोनदा यायची. "आजोबा, 'पाणी' म्हणा." बाबा तोंड घट्ट मिटून घ्यायचे. एकदा जिन्यात तिने मला थांबवून सांगितलं, "त्यांना जमणारच नाही असं नाही हो. त्यांनी सोडून दिलंय. अजून थोडे दिवस असेच गेले तर मग कठीण आहे." मी वर आले आणि भांडी आपटत स्वयंपाक केला.

माझ्या सासरी एक रीत आहे. मी घाटावरची, कराडकडची. आमच्यात नारळ फोडला, नमस्कार केला की संपलं. यांच्याकडे मात्र प्रत्येक नव्या कामाआधी गाऱ्हाणं. घरातला मोठा पुरुष नारळ ठेवून देवाला मोठ्याने, मालवणीत सगळं सांगतो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. फ्रिज आला तरी गाऱ्हाणं, पोरीची दहावी आली तरी गाऱ्हाणं. पंचवीस वर्षं मी ते ऐकत आलेय आणि पंचवीस वर्षं मनात म्हणत आलेय, अहो आवरा, भाजी करपतेय.

लेकीच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस उजाडला. नवरा पहाटेच ड्यूटीवर गेलेला. पोरगी खांद्याला बॅग लावून देव्हाऱ्यासमोर अडून बसली.

"गाऱ्हाणं झाल्याशिवाय मी नाही जाणार."

"आणि घालणार कोण? आजोबा बोलतात का तुझे?"

"मग तू घाल ना, मम्मी!"

बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि माझी मालवणी चवीपुरतीच. पण तिला उशीर होत होता. नारळ ठेवला, ओढणी खोचली आणि केली सुरुवात. "बा देवा म्हाराजा..." "व्हय म्हाराजा," पोरगी म्हणाली. गावचा देव घेतला, पूर्वज घेतले, आणि घड्याळाकडे बघत थेट मागण्यावर आले. "आज आमचा चेडू पयल्यांदा कामाक जाता..."

मागे खुर्चीच्या हातावर फाडकन थाप पडली.

"जा... जागे..." बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "जागेवालो ऱ्हवलो!"

जागेवालो म्हणजे त्या जागेचा राखणदार. आमची बिल्डिंग उभी राहायच्या कितीतरी आधीपासून ती जमीन ज्याच्या राखणीत आहे, तो. त्याला मान दिल्याशिवाय काही मागायचं नसतं, आणि मी घाईत त्यालाच गाळलं होतं. नात अशी राखणीविना घराबाहेर पडणार, हे बाबांच्याने बघवलं नाही.

पोरगी रडायला लागली. मी कसली रडतेय! "अहो बाबा, सहा महिने आमचा जीव टांगणीला लावलात, आणि तोंड उघडलंत ते माझी चूक काढायला?" असं म्हणता म्हणता मीही रडले. हसतही होते. बाबांनी बोटाने खूण केली, पहिल्यापासून घे. घेतलं. या वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणणारे दोघं होते, आणि पोरीला पहिल्याच दिवशी लेटमार्क लागला.

ताईने नंतर समजावलं, की तोंडपाठ झालेले शब्द कधीकधी असे शाबूत राहतात, आता त्याच वाटेने पुढे जाऊ. बरोबरच असणार, शिकलेली बाई आहे. पण पंचवीस वर्षं ऐकलेल्या गाऱ्हाण्यातलं नेमकं तेच नाव नेमकं त्याच दिवशी माझ्या तोंडून कसं निसटलं? मी बिनचूक म्हटलं असतं तर बाबा गप्पच बसले असते. हे काही मी तिला विचारलं नाही.

मी वाट बघत होते ती काहीतरी मोठं घडण्याची. आणि त्याच सहा महिन्यांत खालच्या मजल्यावरचे रिटायर झालेले शेजारी रोज चार वाजता येऊन बाबांना पेपर वाचून दाखवत होते, अगदी अग्रलेखासकट, समोरचा एक शब्द बोलत नसताना. ते बौद्ध, देव मानत नाहीत. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमच्या रूपाने देवच येत होता हो." तर म्हणाले, "वहिनी, मला त्या भानगडीत घेऊ नका. चहात साखर तेवढी कमी टाका." बरं, नाही घेत. मनात मात्र घेतलंय.

बाबांकडे आता मोजकेच शब्द आहेत, त्यातल्या निम्म्या शिव्या. परवा दुपारी त्यांचं ताट वाढून मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. येऊन बघते तर ताट तसंच. माझं डोकंच फिरलं.

"काय झालं आता? मीठ कमी पडलं?"

बाबा बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी घाई केली नाही.

"तू," ते म्हणाले. "तू... जेवलंस?"

लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली. या घरात हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी माझं ताट वाढून आणलं आणि त्यांच्यासमोर बसले.