मापाचे बूट

"चप्पल काढ आणि पाय वर घे. बघू दे लोकांना."

हे माइकवर. कॉलेज रोडच्या भरलेल्या हॉलमध्ये. मी स्टेजवर खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. बोलणारे जिल्ह्याच्या खेळ संघटनेचे अध्यक्ष. परदेशात देशाकडून दहा हजार मीटर पळून आले म्हणून माझा सत्कार चाललेला. समोर पहिल्या रांगेत डॉक्टर, वकील, बिल्डर आणि त्यांच्या बायका. अध्यक्षांच्या खिशात माझं पत्र होतं. रेल्वेत खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या, इगतपुरीला, आणि संघटनेच्या पत्राशिवाय अर्ज घेत नव्हते. कार्यक्रम झाला की देतो म्हणालेले.

मी पाय वर घेतला. हो, घेतला. चोवीस वर्षांची घोडी मी, देशाचा शर्ट घालून आलेली, आणि शाळेतल्या पोरीसारखा मुकाट्यानं पाय वर घेतला.

अंगठ्याचं नख गेलेलं. टाच सोललेली. पुढच्या एका बाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडाला रुमाल लावला. अध्यक्षांना आणखी चेव आला. म्हणाले, "डोंगरातल्या पोरी या. पेठच्या रानात अनवाणी पळणाऱ्या. यांना बूट घातले की पाय अडकतात. पण हरकत नाही, विमानात तर बसली!"

हॉल हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

आता खरं काय झालं ते ऐका. त्या वर्षी आपला संघ सपाटून मार खाऊन आला होता. पेपरांनी नामुष्की म्हणून छापलं. मी शेवटून दुसरी. ते खरं आहे, मी नाकारत नाही. पण संघाबरोबर मॅनेजर म्हणून कोण गेलं होतं? हेच अध्यक्ष. जुनं काही आणू नका, तिकडं सगळं नवं मिळणार, असं सांगणारेही हेच. म्हणून मी माझे झिजलेले बूट घरी ठेवून गेले. तिकडं नवे मिळाले ते दोन नंबर मोठे. माझ्याआधी यादीत दुसरीच मुलगी होती, तिच्या मापाचे आलेले. साहेबांच्या अंगातला कोट मात्र शिंप्यानं माप घेऊन शिवलेला.

तुम्ही म्हणाल, मग बदलून का नाही मागितले? हीच तर मेख आहे. आमच्या आश्रमशाळेत कपड्यांचा गठ्ठा यायचा, सगळे एकाच मापाचे. ढगळ झालं तर कमरेला दोरी बांधायची. तोकडं झालं तर शिवण उसवायची. एकदा एका मुलीनं बदलून मागितलं, तर अधीक्षक म्हणाले, फुकटचं खाता आणि वर नखरे करता? त्या दिवसापासून आम्ही कुणी काही मागितलं नाही. मी बुटांच्या पुढं चिंध्या कोंबल्या. एकदाच, शर्यतीच्या सकाळी, भीत भीत विचारलं, साहेब, अनवाणी उतरू का? मला तशी सवय आहे. ते म्हणाले, "सगळं जग बघतंय. देशाची अब्रू घालवायचीय का?"

मग उतरले तशीच. पंचवीस फेऱ्या. सहाव्या फेरीला टाच फुटली. चिंध्या ओल्या झाल्या, बूट आत डुगडुगायला लागले. पुढच्या मुली मला एक आख्खी फेरी मागं टाकून गेल्या. मी थांबले नाही. थांबले असते तर बरं झालं असतं असं कितीदा वाटलं, पण नाही थांबले.

आणि आता हा माणूस तोच पाय लोकांना दाखवत होता.

मी पाय खाली घेतला. उठले. माइक त्यांच्या हातातून घेतला, त्यांनाही कळलं नाही कसा.

"हे अनवाणी पळून झालेलं नाही. साहेबांनी दिलेल्या बुटांनी झालंय. मी अनवाणी पळते म्हटलं, तर देशाची अब्रू जाईल म्हणाले. मग आज माझी चप्पल कुणाच्या अब्रूसाठी काढायला लावली?"

कुणी हसलं नाही. माइक बंद केला कुणीतरी. शाल आणि नारळ खुर्चीत ठेवले आणि मी हॉलच्या मधून चालत बाहेर आले. पेठची एसटी पकडली. बसमध्ये ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांनी आमचे कोच घरी आले. साहेब मोठ्या मनाचे आहेत म्हणाले. बंगल्यावर जायचं, चुकले म्हणायचं, पत्र सही करून तयार आहे. आया, माझी आई, चुलीपाशी बसलेली. ती म्हणाली, "जा गं बाय. पाया पडल्यानं काय झिजत नाय." मला तिचा राग आला. मग तिचा नाही आला. जन्मभर तिला हेच करायला लावलेलं होतं.

मी गेले नाही. चुकले असते तर गेले असते.

रेल्वेची नोकरी हातची गेली. पुढच्या चाचणीचं बोलावणंही आलं नाही. आता रोपवाटिकेत रोजानं जाते आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना पळायला शिकवते. यंदा त्यातली एक राज्याच्या संघात निवडली गेलीय. तिला सांगितलंय, बूट, जेवण, डॉक्टर, जे लागेल ते तोंड उघडून मागायचं. ती घाबरते. म्हणाली, "ताई, जास्त बोलले तर काढून टाकतील."

"काढू दे," मी म्हणाले. "का काढलं ते त्यांच्या सहीनं कागदावर लिहून घ्यायचं. तुझ्याबरोबर मी येणार आहे. तो कागद हातात पडेपर्यंत मी त्यांच्या दारातून हलणार नाही."