पिळायची नाही ती पिशवी

एनिड गारबट बाईंच्या परसात गुलाब एकच होता, तोही सासऱ्यांनी लावलेला म्हणून टिकलेला. बाकी सगळी जागा पार्स्निपची. दिसायला पांढरं गाजर, पण जानेवारीत चांगलं हिव पडलं की त्याला गोडी चढते. यॉर्कशरमधल्या त्या गावात त्याची वाइन घरोघरी होई आणि सगळ्यांत चांगली एनिडबाईंची. हे त्या स्वतःच सांगत. चाळीस वर्षांत कुणी खोडून काढलं नव्हतं.

मग मनगटं धरली. कुदळ उचलेना, तेव्हा त्यांनी सुनेला, मॉरीनला, हाताशी घेतलं. मॉरीनने पार्स्निप खणले, फोडी उकडल्या, मलमलच्या पिशवीत ओतून टांगल्या. "आता आपोआप गळू दे," म्हणून बाई शेजारी गेल्या. पिशवी थेंब थेंब गळत होती. निम्मा रस आतच राहतोय, हे काटकसरी घरात वाढलेल्या मॉरीनला बघवेना. तिने पिशवी घट्ट पिळली.

दीड वर्षाने, गावच्या प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात, बाईंनी बाटली उजेडात धरली. तांदळाच्या धुवणासारखी गढूळ!

"पिळलीस ना?"

"थोडीशीच, आई."

"तुझी थोडीशी मला ठाऊक आहे."

मॉरीन रडकुंडीला आली. "तुमचीच जुनी बाटली ठेवा ना माझ्या नावावर! लोक हसले तर मी पुन्हा या भांड्यांना हात लावणार नाही, सांगून ठेवते."

तिने हात लावला नाही, तर या घरातली वाइन आपल्याबरोबरच संपणार, हे बाईंना कळत होतं. तरी त्या बधल्या नाहीत.

"नितळपणाला चार गुण, चवीला वीस. चार गेले तर गेले. मी चाखलीय. चिठ्ठीवर तुझं नाव लिही."

प्रदर्शनाच्या तंबूत शेजारचा वॉल्टर थॅकरे बाटलीपुढे वाकला. दरवर्षी दुसरा येणारा माणूस. आज खुशीत होता.

"एनिड, ही वाइन की भांड्यांचं पाणी?"

"तुझी असते बाबा काचेसारखी स्वच्छ," बाई म्हणाल्या. "चवही काचेचीच."

पहिला नंबर वॉल्टरचा लागला. मॉरीनचा तिसरा. परीक्षक एरवी घोट घेऊन थुंकतात. मॉरीनच्या कार्डावर मात्र लिहिलं होतं, 'गढूळ. तरी ग्लास संपवला.'

मॉरीनने कार्ड दोनदा वाचलं, वॉल्टरच्या कार्डावरचे गुण पाहिले, बोटांवर फरक मोजला आणि एकदम उसळली, "आई, तीन गुणांनी गेला पहिला नंबर! नितळपणाचेच चार गेलेत!"

"हो का?" बाई म्हणाल्या आणि वॉल्टरचं अभिनंदन करायला गेल्या.

जानेवारीत पहिलं कडक हिव पडलं, त्या सकाळी परसात कुदळीचा आवाज आला. बाईंनी बोलावलं नव्हतं. दुपारी पिशवी टांगून मॉरीन तिच्यासमोर बसली, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

"चहा घेतेस?" बाईंनी विचारलं.

"नको. हात मोकळे झाले, की पिळीन."