कोरं बोट

तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जितक्या निवडणुका आल्या तितक्यांची ड्यूटी केली. अकलूजच्या बाजूला, करमाळ्याकडे, शहरात, जिथे पाठवतील तिथे. माझ्याकडे बहुतेक वेळा शाईचं काम. बोट पुढे करा, असं सांगायचं आणि नखावर रेघ ओढायची. हजारो बोटं रंगवली असतील. स्वतःचं एकदाही नाही.

ड्यूटीवरच्या माणसाला टपाली मतपत्रिका मिळते. ती भरायची, सोबतच्या कागदावर अधिकाऱ्याचा सही-शिक्का घ्यायचा आणि लिफाफ्यात लिफाफा घालून पाठवायची. पहिल्या खेपेला सहीसाठी दोन चकरा मारल्या, साहेब जागेवर नव्हते, आणि लिफाफा कपाटात साड्यांखाली गेला. पुढच्या वेळी चकरा मारल्याच नाहीत. घरी विषय निघाला तर "पाठवलं टपालाने" म्हणायचे, आणि निवडून आलेला कुणी भेटला तर "तुम्हालाच दिलंय". टपालाच्या मताला शाई लागत नाही, त्यामुळे पुरावा कोण मागणार? याच काळात मी मुलांच्या प्रभातफेऱ्या काढून गल्लोगल्ली "मतदान करा" म्हणून ओरडत होते.

निवृत्तीनंतर महापालिकेची निवडणूक लागली. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत सकाळी आठपासून भोंगे लावलेल्या रिक्षा फिरायला लागल्या. एकाच चालीवर सगळ्या पक्षांची गाणी. एक उमेदवार मागच्या खेपेला ज्याला चोर म्हणत होता, त्याच्याच शेजारी आता फलकावर हात जोडून उभा होता. तो दारात आला. बरोबर पंधरा-वीस जण, चपलांसकट थेट हॉलमध्ये.

"मॅडम, आशीर्वाद असू द्या."

"देते की. पण सध्या कुठल्या पक्षात आहात?"

तो हसला, म्हणून मागचेही हसले, आणि सगळे शेजारच्या दाराकडे वळले. मी फरशी पुसून काढली आणि त्याच संध्याकाळी जाहीर केलं की मी मत देणार नाही.

आमचे हे मूळचे जेऊरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, आणि घरात अजून गावाकडचंच. ते शेंगा सोलत बसले होते.

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं आणि द्यायचं," ते म्हणाले.

"या वेळी प्रभागात चार जागा, चार मतं द्यायची आहेत. चार विटा आणू कुठून?"

"मग नको देऊ. तू कवा दिलंयस?"

मी शेंगांची टरफलं गोळा करायला लागले.

"साड्यांखाली लिफाफे हायत की. दोन तर फोडलेले पण न्हाईत."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लई वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या तावातावानं पुढाऱ्यांना शिव्या देतीस, म्हटलं, मन रमतंय तर रमू दे."

मला भयंकर राग आला. लाजही वाटली, पण ती रागानंतर, रात्रीची भांडी आवरताना. मत न देण्यात माझी मोठी सोय होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. कुणीही निवडून आला तरी तो माझा नव्हता. लोकांनी निवडलाय, भोगा म्हणावं. स्वतः काही न करता मी सगळ्यांचे पेपर तपासत बसले होते.

मतदानाच्या दिवशी हे सकाळीच एकटे जाऊन आले आणि पेपर वाचत बसले. चल म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी गेले नसते. साडेचारला मी साडी बदलली. त्यांनी काही न विचारता गाडी बाहेर काढली.

केंद्रावर एका पोरीने माझ्या बोटाला शाई लावली. ती गार लागते, हे मला माहीत नव्हतं. आत गेले. चारही मतं दिल्याशिवाय यंत्राची शिट्टी वाजत नाही. तीन बटणं विटेच्या हिशेबाने दाबली. चौथ्या जागेला तोच हात जोडणारा, दोन अनोळखी नावं, आणि शेवटी 'वरीलपैकी कोणी नाही'. बोट आधी तिकडेच गेलं. तिथेच थांबलं.

"मॅडम, एक राहिलंय," टेबलावरून आवाज आला.

म्हाताऱ्या माणसांना आत वेळ लागला की मी खेकसायचे. आत काय चाललेलं असतं, ते आता कळत होतं. शेवटी अनोळखी नावांपैकी एका बाईंसमोरचं बटण दाबलं. त्यांचं पत्रक तेवढं वाचलं होतं, आणि त्यात कुणाला शिव्या नव्हत्या. एवढ्यावर मत द्यावं का, मला अजूनही सांगता येत नाही.

माझ्या चारांपैकी तिघे पडले. त्या बाई आल्या.

दोनेक महिन्यांनी कोपऱ्यावरचं ड्रेनेज तुंबलं. चहा घेताना मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, "हे नगरसेवक म्हणजे..." ह्यांनी पेपरावरून नुसतं बघितलं. मी कप ठेवला, नंबर मिळवला आणि बाईंना फोन लावला. ड्रेनेजचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग मी म्हणाले, "मी तुम्हाला मत दिलंय."

पलीकडून दमलेला आवाज आला, "सगळे असंच म्हणतात हो, ताई."

"मीही सगळ्यांना असंच म्हणायचे," मी म्हणाले. "पण तुम्हाला खरंच दिलंय."