काचेपलीकडची खूण

कापड विणायच्या लूमखात्यात काम केलं की माणूस अर्धा बहिरा होतो, अन् मी तर आधीच अर्धा गाढव होतो. त्या खडखडाटात तोंडाचं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून आम्ही हातानं बोलायचो. सेठ आला की पोटावर गोल हात फिरवायचा. बीमवरचा धागा सरला की दोन्ही तळवे उलटे करून झटकायचे. माझी पोरगी डबा घेऊन यायची, ती हे सगळं तिथंच शिकली. सेठची खूण तर माझ्यापेक्षा झकास करायची. सगळं खातं हसायचं.

आठव्या वर्षी तिच्या रक्तात रोग निघाला. दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवली. आत एकच माणूस, तोही तोंड बांधून. म्हणून आत बायको. मला घेत नव्हते, मी तिला हसवायचो अन् हसली की सुई हलायची.

त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. "देखो भाई, बचेगी नहीं. पर दवा का एक कोर्स और देंगे, थोडे दिन निकल जाएंगे."

"साहेब, मागच्या कोर्सला तिनं ओठ चावून फाडले. मी घरी नेतो."

"डॉक्टर तू छे के हुं?" डॉक्टर गुजरातीत तडकले.

"डॉक्टर तुम्हीच. पण बाप तर मी आहे ना?"

"बाप है तो अक्कल से काम ले."

नेमकी अक्कलच मागितली. तिथंच माझी पंचाईत.

काचेआडून बायकोनं हात हलवला, काय म्हणतात? मी शहाणा, सवयीनं दोन्ही तळवे उलटे करून झटकले.

पोरगी झोपलीय असं मी धरून चाललो होतो. ती बायकोच्या दंडाआडून माझ्याकडंच बघत होती. मी घाईघाईनं पोटावर गोल हात फिरवला. सेठ आला, सेठ आला. ती हसली नाही. सलाईनचा हात हळूच उचलला अन् लूमचा दांडा ओढतात तशी मूठ खाली ओढली. मशीन बंद कर.

"क्या बोल रही है?" डॉक्टरांनी विचारलं.

"बस झालं म्हणते, साहेब."

ते तिच्याकडं बघत राहिले. बायकोनं तोवर पिशवी भरायला घेतली होती.

"रास्ते में कुछ हुआ तो मेरे पास मत आना," एवढंच म्हणाले.

रिक्षात ती माझ्या मांडीवर. आमचं लिंबायत आलं तशी खात्यांची खडखड ऐकू यायला लागली. या आवाजाला मी रोज शिव्या घालायचो. त्या दिवशी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाई, खात्याच्या गल्लीतून घे. हळू घे."

तिचं बोट माझ्या तळव्यावर त्या ठेक्यात हलत होतं. घर येईस्तोवर मी रस्ता बघितलाच नाही. बोटच बघत होतो.