गाठोड्यावर बसून

पुलाखालच्या फुटपाथवर एक म्हातारी दिवसभर आपल्या गाठोड्यावर बसून असते. जवळ माणूस दिसलं नाही की महापालिकेची गाडी सामान बेवारस म्हणून उचलून नेते. एवढ्या मोठ्या शहरात तिचा हक्क तिच्या बुडाखाली मावेल तेवढाच.

एकदा सकाळी तिने मला हाक मारली. "दादा, जरा बसता का हितं? संडासला जाऊन येते. लई वेळ दाबून धरलंय."

मी बसलो. गाठोडं अजून उबदार होतं, आतला तवा टोचत होता. आणि नेमकी महापालिकेची गाडी आली, एक कर्मचारी खाली उतरला.

"काका, तुमचं आहे का हे?"

"नाही," मी पटकन म्हणालो.

"मग उठा की! असं ठाण मांडून काय बसलाय?"

तेवढ्यात ती लुगडं सावरत धावत आली. "माझंय, माझंय!" गाडी गेली. तिने मला हात जोडले. "उठला न्हाईत, दादा. लई उपकार झाले."

खरं आज सांगतो. मला उठायचंच होतं, पण भीतीने उठताच आलं नाही.

आता घरी पलंगावर असताना खाली रस्त्यावर एखादी जड गाडी थांबली, की मी हलत नाही. वाटतं, कुणीतरी वर येऊन विचारेल, "काका, तुमचं आहे का हे?"