तिसऱ्या गाण्यातला दुसरा आवाज

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, कॉलेजातल्या मित्रांजवळ नाही, आणि ज्याला ती सगळ्यात आधी कळायला हवी होती त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. लोक मला म्हणतात, "तू गाण्यात खरं बोलतोस." हे ऐकलं की मी विषय बदलतो. एवढं मात्र माहीत आहे.

मी रॅप करतो. आमच्या झाडीबोलीत. गोंदियाच्या एका कॉलेजात शिकतो — घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी माझा पहिला अल्बम आला, 'धुरा' — म्हणजे शेताचा बांध. गोंदियालगतच्या कुडव्यात एका मोबाईलच्या दुकानावर एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक काच. तो आमचा स्टुडिओ. पोस्टरवर एकच चेहरा आहे. माझा.

लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते तिसरं गाणं. त्यात माझी ओळ संपते तिथे मागून एक आवाज ती उचलतो — घोगरा, लांब ओढलेला, बांधावरून कुणी हाक मारावी तसा. त्या आवाजाबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी नरेशबद्दल सांगायला हवं.

नरेश माझ्या घरामागे राहतो, सौंदडजवळच्या आमच्या गावात. आम्ही एका वर्गात होतो. बारावीनंतर मी गोंदियाला आलो, तो राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. रॅप आम्ही दोघांनी मिळूनच सुरू केला, तळ्याच्या पाळीवर बसून, फोनवर बीट लावून. मी बोलायचो, तो झील धरायचा.

झील म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरांनाही कळतं. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते आणि दंडार होते, आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य. पुढचा गडी गातो आणि मागचे त्याची ओळ उचलून धरतात. पुढच्याचा दम तुटला तर झील त्याला सावरते. आणि झीलकऱ्याचं नाव कुणी पुकारत नाही. तशी पद्धतच आहे. ही पद्धत पुढे माझ्या कामी आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर — अल्बमचं काम चालू असताना एका सुट्टीच्या दिवशी नरेश सकाळच्या गाडीने आला. स्टुडिओ बघायला. त्याच्या मायने डब्यात वडे दिले होते. तिसरं गाणं चालू होतं. मी म्हटलं, आलाच आहेस तर झील धर. तो माइकपुढच्या जाळीसमोर उभा राहिला, हसला, "हे त मच्छरदानीत उभं केल्यासारखं वाटून राहिलं बे," म्हणाला. आणि गायला. पहिल्याच वेळी. मग बबलूभाईने — स्टुडिओ त्याचा — त्याला माझं एक कडवं म्हणायला लावलं. त्याने तेही म्हटलं.

नंतर तो आमच्यासाठी चहा आणायला खाली गेला.

बबलूभाईने हेडफोन काढले. माझ्याकडे बघितलंही नाही, पडद्याकडे बघत म्हणाला, "अरे, ये बंदा अब तक कहाँ था? इसका आवाज सीधा खेत से आता है. आधा अल्बम इससे करवा. नाम भी दोनों का डाल."

मी "हो" म्हणालो. "विचारतो त्याला."

आणि जिना उतरलो. त्या पायऱ्यांवर माझ्या डोक्यात काय होतं? घरी सांगून झालं होतं की माझा अल्बम येतोय. वडिलांनी कामावर सगळ्यांना सांगितलं होतं. मला पोस्टर दिसत होतं आणि त्यावर दोन चेहरे दिसत होते. मी हे सबब म्हणून सांगत नाही. नरेशकडे मिल होती. माझ्याकडे कॉलेज होतं, अल्बम होता, सगळंच होतं — आणि तरीही मला भीती वाटली ती त्याचीच.

तो टपरीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत चहा बांधून घेत होता. मी त्याला म्हणालो, "भाई म्हणतो, तुझा आवाज माइकला सूट होत नाही."

मी हे म्हणालो. मीच.

त्याने पिशवीला गाठ मारली. मग मोठ्याने हसला. "मले माहीतच होतं गा. दंडारीत माइक नाही रायत ना, म्हून चालून गेलं इतके दिवस!" चहावाल्यालाही सांगितलं त्याने, "काका, आमी बिनमाइकचे कलाकार होओ." मग माझ्या खांद्यावर हात टाकला. "तू कायले तोंड पाडतं बे? तुहा त होऊन राहिला ना अल्बम."

चहाची पिशवी माझ्याकडे देऊन तो खालूनच गाडीला गेला. वर आल्यावर बबलूभाईला मी वेगळंच सांगितलं. त्याच्या घरचे नाही म्हणतात, तो पुन्हा येणार नाही. झील राहू दे, पण नाव टाकू नको म्हणतो; आमच्याकडे झीलकऱ्याचं नाव घेतच नाहीत. बबलूभाई हळहळला. पुढच्या कामाला लागला.

इथे थांबलो असतो तर? नाही, थांबलो नाही.

अल्बम आला तेव्हा धान कापणीला आलं होतं. नरेशने कुणाकडून तरी स्पीकर आणला आणि त्यांच्या अंगणात सगळ्यांना ऐकवायला बसला. माझे आईवडील, शेजारपाजारचे, नरेशची माय — मी तिला काकी म्हणतो — सगळे होते. तिसरं गाणं लागलं. झील आली. नरेशची मान एकदम वर झाली.

"हा मी होय का बे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोलायला तेव्हा एक शब्द पुरला असता. एकच. मी म्हणालो, "नाही रे. माझाच डबल आहे." आणि समजावूनही सांगितलं — स्टुडिओत तोच माणूस तीच ओळ पुन्हा म्हणतो, आवाज थोडा बदलून, मग दोन्ही एकावर एक चढवतात, त्याला डबल म्हणतात. स्टुडिओत असं करतात हे खोटं नाही. म्हणून तर ते इतकं सहज बोलता आलं.

तुम्ही कधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकलाय? तो आपला वाटत नाही. नरेशलाही वाटला नाही. त्याने मान डोलावली.

काकी मात्र उठून स्पीकरजवळ आली. "डबल कायचा? माह्या पोराचा आवाज मले नाही समजन का?"

आणि तिला गप्प कोणी केलं, सांगू? नरेशने. "माय, तो डबल होय वो. स्टुडिओतलं तुले काय समजते?" लोक हसले. माझी आईही हसली. काकी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि आत जाऊन आम्हा सगळ्यांसाठी चहा ठेवला. तेव्हापासून ती मला 'बाबू' म्हणत नाही. नावाने हाक मारते.

त्यानंतर मंडई आली. गावाने दंडारीसाठी पहिल्यांदाच माइक लावले होते. झील धरायला पोरं उभी राहिली आणि नरेश त्यांच्यात नव्हता. मी त्याला शोधलं. तो मागे जनरेटरजवळ बसला होता.

"काऊन गा, उभा नाही होत?" मी विचारलं. त्याच्या बोलीत विचारलं, जशी काही अजून ती आमची दोघांची होती.

"माइक आहेत ना बे आता," तो म्हणाला. अगदी साधेपणाने. "माहा आवाज सूट नाही होत त्याइले. कायले पोराइची दंडार खराब करू?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. बाजूला जनरेटर धडधडत होता. मी म्हटलं, नंतर सांगू. नंतर सांगितलं नाही. लहानपणापासून झील धरणारा गडी माझ्या एका वाक्यावर गायचा थांबला. मिलमध्येही तो गुणगुणत नाही म्हणतात.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या कार्यक्रमासाठी बबलूभाईने मला गाण्यांचे आवाज सुटे करून पाठवले. तिसऱ्या गाण्यात एक फाइल फक्त झीलची आहे. न कापलेली. ती मी ऐकली. नरेश गातो, शेवटची ओळ ओढतो, श्वास घेतो. मग माइक चालू आहे हे विसरून काचेपलीकडे उभ्या असलेल्या मला विचारतो, "बरं झालं का बे?"

त्यापुढे काही नाही. मी काचेमागे होतो, आणि काही बोललो नव्हतो.

बरं झालं होतं. माझ्यापेक्षा बरं झालं होतं. तिसऱ्या गाण्यातला दुसरा आवाज नरेशचा आहे.